६५६ की ६२७? दोन इलेक्ट्रिक एसयूव्हींमधून एक निवडताना

मंजिरी, माझी मावसबहीण, दिवाळीच्या फराळाला आली ती हातात वहीचा एक कागद घेऊनच. मधोमध उभी रेघ, डावीकडे महिंद्रा एक्सईव्ही ९ई, उजवीकडे टाटा हॅरिअर ईव्ही. खाली आकड्यांची रांग. बॅटरी ७९ आणि ७५, डिकी ६६३ लिटर आणि ५०२ लिटर, चार्जिंग २० मिनिटं आणि २५ मिनिटं. आणि लाल पेनाने गोल केलेले दोन आकडे, ६५६ आणि ६२७.

"दादा, एका चार्जमध्ये एकोणतीस किलोमीटर जास्त मिळतायत. म्हणजे महिंद्राच ना?"

कागद तिने मनापासून केला होता आणि एकही आकडा चुकीचा नव्हता. तरीही त्या कागदावरून निर्णय घ्यायला मी तिला मनाई केली. कारण दोन गाड्यांची तुलना तिने केली होती, पण गाडी जिथे उभी राहणार, जिथे चार्ज होणार आणि ज्या रस्त्याने जाणार, त्यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. डिझेल गाडी घेताना हे चालून जातं. पंप सगळीकडे आहे, टाकी पाच मिनिटांत भरते. इलेक्ट्रिक गाडीचा निम्मा भाग तुमच्या घरात असतो. मीटर, वायर, अर्थिंग, पार्किंगची जागा हे सगळं त्या गाडीचेच सुटे भाग समजायचे.

या दोन्ही गाड्या तशा आपल्या घरच्याच. महिंद्राची चाकणला बनते, टाटांची पिंपरीला. किमतीही एकमेकींना खेटून. बाजारात आल्या तेव्हा एक्सईव्ही ९ईची सुरुवात २१.९० लाखांना झाली, हॅरिअर ईव्हीची २१.४९ लाखांना, दोन्ही एक्स-शोरूम. त्यामुळे इथे स्वस्त-महाग असा सोपा निकाल लागत नाही.

तो मोठा आकडा येतो कुठून

आधी एक शब्द समजून घेऊ. बॅटरीच्या पुढे जे ७९ किंवा ७५ लिहिलेलं असतं ते किलोवॅट-अवर. घाबरायचं कारण नाही, हे आपल्या वीजबिलातलं साधं युनिट आहे. ७५ युनिटं मावणारी टाकी, असं समजा. मग गाडीचं 'ॲव्हरेज' काढायचं ते लिटरला किती असं नाही, तर युनिटला किती किलोमीटर असं.

आता मंजिरीच्या कागदावरचा भागाकार करून बघू. ६५६ भागिले ७९ म्हणजे ८.३. ६२७ भागिले ७५ म्हणजे ८.३६. कागदावर दोन्ही गाड्या एका युनिटला जवळजवळ तितक्याच धावतात. एकोणतीस किलोमीटरचा फरक निघाला तो महिंद्राच्या टाकीत चार युनिटं जास्त मावतात म्हणून. लहान बॅटऱ्यांच्या जोडीत तर हाही फरक उरत नाही. महिंद्राची ५९ युनिटांची बॅटरी ५४२ किलोमीटर सांगते, टाटांची ६५ची ५३८.

आणि हे ८.३ तरी खरं का? हा आकडा एमआयडीसी नावाच्या चाचणीतून येतो. औद्योगिक वसाहतीची एमआयडीसी नव्हे. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल असं या चाचणीचं नाव आहे. गाडी बंद खोलीत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या पद्धतीने वेग कमी-जास्त करत चालवतात. शहरी टप्प्यात सरासरी वेग ताशी एकोणीस किलोमीटरच्या आसपास राहतो, महामार्गाच्या टप्प्यात तो ९०च्या वर जात नाही. समोरून वारा नाही, एसी नाही, घाट नाही, मागच्या सीटवर सामान नाही. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लावायची म्हणून ही चाचणी चांगली आहे. पण ती गाडी-गाडीत तुलना करण्यासाठी आहे, तुमच्या प्रवासाचा अंदाज बांधण्यासाठी नाही.

टाटांनी हे ओळखून स्वतःच दुसरा आकडाही दिला आहे. मागच्या चाकांना मोटर असलेल्या ७५ युनिटांच्या हॅरिअरसाठी तो ४८० ते ५०५ किलोमीटर आहे. ६२७ वाचून गाडी घेतली आणि ४८० मिळाले तर फसल्यासारखं वाटतं. आधीपासून ४८० धरून चाललं तर तीच गाडी चांगली वाटते. मला विचाराल तर महामार्गावर, एसी लावून, चार माणसांसह, ताशी ९०-१०० या वेगाने या वजनाच्या गाडीसाठी युनिटला सहा किलोमीटर धरा. त्याहून जास्त मिळाले तर आनंदच आहे.

युनिटला सहाने हिशेब केला तर पूर्ण टाकीवर महिंद्रा ४७४, टाटा ४५०. पण पूर्ण टाकी कोणी संपवत नाही. नव्वद टक्क्यांना निघायचं, पंधरा टक्के उरले की चार्जर गाठायचा. म्हणजे वापरायला पंचाहत्तर टक्केच. महिंद्राची ५९ युनिटं, टाटांची ५६. अंतर किती? साधारण ३५५ आणि ३३७. लाल गोलातले एकोणतीस आता अठरा झाले. कात्रजपासून खेड शिवापूरही त्याहून फार जवळ नाही.

वेगाचा परिणाम याच्या कितीतरी पट मोठा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. थोडक्यात, दोन गाड्यांमधला जो फरक आपण शोरूममध्ये बसून काथ्याकूट करत शोधतो, तो उजवा पाय पाच मिनिटांत भरून काढतो किंवा घालवून बसतो.

घाटाचा हिशेब

मंजिरीचं सासर चिपळूणला. सिंहगड रोडवरून निघून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा. अंतर सुमारे २४० किलोमीटर. वर्षातून आठ-दहा फेऱ्या, त्यात गणपती आणि शिमगा चुकवायचा नाही. तिची खरी परीक्षा या रस्त्यावर आहे, आणि पुण्यातल्या रोजच्या ३५-४० किलोमीटरांना तर यातली कुठलीही गाडी पुरून उरेल.

घाट चढताना किती वीज जाते याचं गणित शाळेतल्या विज्ञानाचंच आहे. माणसं आणि सामान धरून गाडी २,६०० किलोची समजा. कुंभार्लीची चढण ६०० मीटरच्या आसपास. वजन, उंची आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार केला की सव्वाचार युनिटं येतात. मोटर आणि वायरिंगमधली गळती धरून पाच म्हणू. सपाट रस्त्यावर या पाच युनिटांत तीस किलोमीटर झाले असते. म्हणजे येताना घाट तुमचे तीस किलोमीटर खातो. जाताना उतारावर मोटर उलटी चालून जनित्र होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वीज परत बॅटरीत भरते. याला रीजेन म्हणतात. कुंभार्ली उतरताना ब्रेकला फारसा पाय न लावता टक्के हळूहळू वाढताना दिसतात. डिझेल गाडीत ब्रेकचा वास सोसत हाच घाट उतरलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. एक मात्र आहे, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही वीज जायला जागाच नसते आणि रीजेन जवळजवळ बंद पडतं. घाटमाथ्यावर राहत असाल तर सकाळी उतरायचं असताना रात्री बॅटरी काठोकाठ भरू नका.

तर जाताना चाळीस युनिटं, येताना पंचेचाळीस. पंचाण्णव टक्के भरून निघालं तर हॅरिअर चिपळूणला एकतीस युनिटं शिल्लक ठेवून पोचते, महिंद्रा पस्तीस. परत यायला दोघींनाही कमी पडतात. मग चिपळूणच्या घरी काय व्यवस्था आहे, हा प्रश्न सगळ्यात मोठा ठरला. कागदावर तो नव्हताच.

चिपळूणच्या ओसरीवरचा लाल दिवा

म्हणून आम्ही एक उद्योग केला. माझी स्वतःची इलेक्ट्रिक गाडी घेऊन नोव्हेंबरात चिपळूणला गेलो. ओसरीवर पंधरा अँपिअरचा सॉकेट होता, विहिरीच्या पंपासाठी कधीतरी बसवलेला. गाडीबरोबर येणारी साधी चार्जिंग केबल त्यात लावली. केबलवरच्या डब्यावर लाल दिवा. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल.

इलेक्ट्रिशियन काका आले. त्यांनी मीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं आणि मान हलवली. अर्थिंग नावालाच होती. कोकणात जांभ्याचा दगड, पावसाळा सरला की जमीन भराभर कोरडी पडते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की वीज जमिनीत उतरायला वाट राहत नाही. घरातले दिवे, पंखे, मिक्सर यांचं त्यावाचून अडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ती नीट नसेल तर वीज घेतच नाही. हे माणसाच्या जिवासाठी आहे. ओल्या हाताने कोणी गाडीच्या पत्र्याला हात लावला तर करंट माणसातून न जाता जमिनीत जावा म्हणून.

काकांनी परसातला खड्डा शोधून काढला, त्यावरचा पालापाचोळा बाजूला केला आणि दोन बादल्या पाणी ओतलं. दहा मिनिटांनी डब्यावर हिरवा दिवा लागला. मंजिरीच्या सासूबाई पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आधी जमिनीला पाणी पाजायचं, मग गाडीला वीज."

ही झाली त्या रात्रीपुरती सोय. पुढच्या आठवड्यात काकांनी नवा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी टाकली आणि जुनी पातळ वायर काढून जाड वायर ओढली. गाडी घेण्याआधी केलेला हा सगळ्यात कामाचा खर्च, असं मी आजही म्हणेन. त्या सॉकेटमधून तासाला तीन युनिटांच्या आसपास मिळतात. रात्रीच्या दहा तासांत गळती जाऊन सत्तावीस युनिटं बॅटरीत पडतात. हॅरिअरमधली शिल्लक एकतीस आणि ही सत्तावीस मिळून अठ्ठावन्न. परतीला पंचेचाळीस पुरे. एका रात्रीत काम झालं. पावसाळ्यात वीज गेली तर दुसरी रात्र लागेल, किंवा वाटेत एकदा फास्ट चार्जरवर थांबावं लागेल.

वीस मिनिटं की पंचवीस

आता त्या फास्ट चार्जरकडे वळू, कारण जाहिरातींत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

महिंद्रा सांगते, मोठी बॅटरी वीस ते ऐंशी टक्के वीस मिनिटांत. टाटा सांगतात पंचवीस मिनिटं. दोन्ही खरं आहे, पण त्यासाठी चार्जर तितका दणकट हवा. महिंद्राची ही बॅटरी १७५ किलोवॅटपर्यंत वीज ओढू शकते, टाटांची १२० पर्यंत. इथे किलोवॅट म्हणजे तासाला तितकी युनिटं. गाडी घागर समजा आणि चार्जर नळ. घागरीचं तोंड कितीही मोठं असलं तरी नळाला बारीक धार असेल तर घागर त्या धारेनेच भरणार.

आपल्या रस्त्यांवर ६० किलोवॅटचे चार्जर पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच मशीनना दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग, असतात आणि दुसऱ्या गनवर गाडी लागली की वीज दोघांत वाटली जाते, प्रत्येकी तीस. साठच्या मशीनवर महिंद्राचे वीस ते ऐंशी टक्के म्हणजे सुमारे सत्तेचाळीस युनिटं, वेळ पाऊण तासाहून थोडा जास्त. टाटांची पंचेचाळीस युनिटं, वेळ पाऊण तास. पाहा, जी गाडी कागदावर पाच मिनिटांनी पुढे होती ती इथे दोन मिनिटांनी मागे पडली. १८० किंवा २४० किलोवॅटची मशीन तुमच्या वाटेवर असतील तर मात्र महिंद्राचा फायदा खरोखरीचा आहे, आणि आठवड्यातून दोनदा मुंबई-पुणे-नाशिक करणाऱ्याने तो मोजावाच. मंजिरीसारख्यांनी आपल्या रस्त्यावरचे चार्जर मोबाइलमध्ये शोधून त्यांचे किलोवॅट कागदावर लिहावेत. ॲपमध्ये दिसणारा चार्जर चालू आहे ना, हेही गेल्या काही दिवसांत तिथे चार्ज केलेल्या लोकांच्या नोंदी वाचून बघावं. एकदा भरपावसात एका हॉटेलच्या आवारात मी बंद मशीनसमोर तासभर उभा होतो. ॲप ते 'उपलब्ध' दाखवत होतं. तेव्हापासून एका चार्जरच्या भरवशावर मी निघत नाही. वीस टक्के शिल्लक असताना दुसरा चार्जर टप्प्यात असला पाहिजे.

ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, हेही लक्षात असू द्या. रस्त्यावर शंभर टक्के भरत बसणं म्हणजे आपलाही वेळ वाया आणि मागे रांगेत उभ्या असलेल्याचाही. घरी मात्र अधूनमधून शंभर टक्के भरावं. दोन्ही गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे. ती उष्णता चांगली सोसते, पुष्कळदा भरून-रिकामी होऊनही टिकते. पण तिचं व्होल्टेज बराच काळ एकाच पातळीवर राहत असल्याने गाडीच्या संगणकाला किती टक्के उरले हे नेमकं ओळखणं जड जातं. पूर्ण भरली की त्याचा हिशेब पुन्हा जाग्यावर येतो. किती दिवसांनी भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

सोसायटी, मीटर आणि मोजपट्टी

पुण्यातल्या घरी चार्जर बसवायचा तर तो किती किलोवॅटचा? टाटा ७.२चा देतात. महिंद्राकडे ७.२ आणि ११.२ असे दोन. गाडी आली तेव्हा महिंद्राच्या चार्जरचे अनुक्रमे पन्नास आणि पंचाहत्तर हजार गाडीच्या किमतीशिवाय वेगळे होते, टाटांचेही एकोणपन्नास हजार वेगळेच. जाहिरातीतल्या किमतीत हा खर्च नसतो, कोटेशनमध्ये शोधा. माझं स्पष्ट मत आहे की ११.२चा चार्जर बहुतेक घरांना लागत नाही. त्याला थ्री-फेज जोडणी हवी. रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रात्री सात युनिटं लागतात, ती साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधूनही तीन तासांत मिळतात. ७.२चा घेतलात तरी मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने घराला एका वेळी वापरायला दिलेली मर्यादा, वाढवून घ्यावा लागेल. एसी, गीझर आणि गाडी एकत्र चालू झाली की जुना भार पुरत नाही.

बिलाची एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. महिन्याला १,२०० किलोमीटर चालवलंत तर चार्जिंगमधली गळती धरून सव्वादोनशेच्या आसपास युनिटं वाढतात. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे आहेत आणि दर टप्प्यागणिक चढतो. घराची २५० युनिटं आधीच असतील तर गाडीची पहिली पन्नास जुन्या दराने पडतील, उरलेली सगळी तीनशेच्या वरच्या दराने. गाडीसाठी वेगळा मीटर घेतला तर तो वेगळ्या वर्गवारीत येतो, तिथे हे टप्पे नसतात, पण त्याचा स्थिर आकार द्यावा लागतो. जास्त चालवणाऱ्याला वेगळा मीटर परवडतो, कमी चालवणाऱ्याला घरचाच बरा. शेवटच्या तीन बिलांवरून हे अर्ध्या तासात काढता येतं.

सोसायटीच्या परवानगीचं सांगायचं तर गाडी बुक करण्याआधी अर्ज द्या, नंतर नाही. मंजिरीच्या सोसायटीत पहिल्या सभेत विरोध झाला, आग लागेल म्हणून. ती भांडली नाही. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून वायर कुठून जाणार याचा नकाशा, वायरची जाडी, एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त भार आला किंवा करंट गळला की वीज तोडणारी बटणं) कुठे बसणार हे लिहून घेऊन पुढच्या सभेत ठेवलं. परवानगी मिळाली. लोकांची भीती खरी असते. तिला कागदाने उत्तर दिलं की ऐकतात.

आणि मोजपट्टी. एक्सईव्ही ९ईची लांबी ४,७८९ मिलिमीटर, हॅरिअर ईव्हीची ४,६०७. फरक अठरा सेंटिमीटरचा, म्हणजे वितीहून थोडा कमी. मंजिरीच्या पार्किंगमध्ये खांबापासून भिंतीपर्यंत जागा पाच मीटरची, आणि भिंतीला पाण्याचा पाइप. लांब गाडी लावली की डिकी उघडायला जागाच उरत नव्हती. ६६३ लिटरची डिकी घेऊन तिथे ती उघडताच आली नाही तर काय उपयोग? तुमच्याकडे वर-खाली होणारं यांत्रिक पार्किंग असेल तर त्यावरची पाटी आधी वाचा. या गाड्या दोन टनांहून जड आहेत. पाटीवरची वजनाची मर्यादा त्याहून कमी असेल तर तो विषय तिथेच संपला.

दहा मिनिटं मागे बसा

टेस्ट ड्राइव्हला सगळे स्टिअरिंगमागे बसतात. दोन्ही गाड्या इतक्या जोरात पळतात की त्यावरून निवड होणं शक्य नाही. मी मंजिरीला म्हटलं, सासूबाईंना घेऊन जा आणि त्यांना मागे बसव.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असते, म्हणून जमीन उचललेली असते. सीट त्या मानाने उंच नसेल तर गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि दोन तासांत कंबर बोलायला लागते. याशिवाय एक्सईव्ही ९ईचं छत मागे उतरतं आहे. दिसायला देखणं, पण वाकून शिरावं लागतं. सासूबाईंचा अंबाडा दोनदा घासला. हॅरिअरचं छत सरळ आहे, त्यात त्या दरवाजा धरून बसल्या आणि उठल्या. तरुण जोडप्याला हा मुद्दा किरकोळ वाटेल आणि त्यांच्यासाठी तो किरकोळच आहे. त्यांना महिंद्राची मोठी डिकी, पुढच्या बॉनेटखालची दीडशे लिटरची जागा आणि डॅशबोर्डवरचे तीन पडदे जास्त भावतील. सात माणसं असतील तर महिंद्राची एक्सईव्ही ९एस नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आहे, ती वेगळी बघावी.

बाकीच्या मुद्द्यांत फार अडकू नका. सुरक्षेत दोन्ही गाड्यांना भारत एनकॅप या धडक-चाचणीचे पाच तारे आहेत आणि मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ गुण. इथे बरोबरी. बॅटरीची 'आजीवन' वॉरंटी दोन्हीकडे आहे, पण पहिल्या खासगी मालकासाठी. टाटांच्या अटींत आजीवन म्हणजे पंधरा वर्षं. विकायची वेळ आली तर दुसऱ्या मालकाला काय मिळतं हे त्या कागदातच वाचा, कारण तुमच्या जुन्या गाडीची किंमत त्यावर ठरणार आहे. विम्यात बॅटरीला खालून दगड लागला तर भरपाई मिळते का, हे लेखी विचारा. कोकणातल्या रस्त्यांवर हा प्रश्न काल्पनिक नाही.

चारही चाकांना ताकद देणारी हॅरिअर घ्यावी का, हेही मंजिरीने विचारलं. पुढे-मागे दोन मोटर, शंभरचा वेग ६.३ सेकंदांत, गाडी आली तेव्हाची किंमत २८.९९ लाख. शेतात, चिखलात, कच्च्या चढावर रोज जाणाऱ्याने जरूर घ्यावी, आणि महिंद्रात तो पर्याय नाही. डांबरी रस्त्याने चिपळूणला जाण्यासाठी मागच्या चाकांची गाडी पुरते. वाचलेल्या दीड लाखात अर्थिंग, वायरिंग आणि चार्जर तिन्ही होऊन जातात. हॅरिअरमधून बाहेर वीज काढता येते, ३.३ केव्हीएपर्यंत. पावसाळ्यात दोन दिवस दिवे नसलेल्या घरात त्यावर फ्रिज आणि पंखे चालतील. चिपळूणकरांनी २०२१ चा पूर पाहिला आहे, त्यांना ही सोय काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

सरकारी सवलतींचा दोघींत फरक पडत नाही, पण डिझेलशी तुलना करणाऱ्याला पडतो. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे. महाराष्ट्रात ३० लाखांवरच्या ईव्हींना ६ टक्के मोटार वाहन कर लावायचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आला होता, तो मागे घेतला गेला. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर टोलमाफी ठेवली आहे. पुणे-सातारा हा राष्ट्रीय महामार्ग त्यात येत नाही. मंजिरीला टोल द्यावाच लागेल.

शेवटी तिने ७५ युनिटांची, मागच्या चाकांची हॅरिअर ठरवली. पार्किंगचे अठरा सेंटिमीटर, सासूबाईंचं छत आणि गाडीतल्या विजेवर घरातले दिवे लावता येणं, या तीन गोष्टींवर. तिची धाकटी जाऊ वाशीला राहते, ऐसपैस पार्किंग, दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने पुणे. तिला मी महिंद्रा घ्यायला सांगितली.

गाडी ताब्यात घेण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शोरूमच्या यार्डात जाऊन आलो. चासी नंबरवरून बनल्याचा महिना पाहिला. खाली वाकून बॅटरीच्या आवरणावर ओरखडे नाहीत ना ते टॉर्च लावून बघितलं. घरून नेलेली केबल लावून गाडी चार्ज करून पाहिली, मग शोरूमच्याच फास्ट चार्जरवर पाच मिनिटं. दोन्ही वेळा हिरवा दिवा लागला, आणि मग मंजिरीने सही केली.